होडीवाल्याला कोण सांगणार

टेकाडवाडीला जायला रस्ता आहे, पण तो वर्षातले चारच महिने. होळी झाली की धरणाचं पाणी उतरत जातं, चिखल वाळतो आणि मोठ्या गावाकडून येणारी जुनी वाट उघडी पडते. पावसाळ्यात पाणी पुन्हा चढतं, वाट पाण्याखाली जाते, आणि पुढचे आठ महिने वाडी म्हणजे एक बेटच. बेटावर अठ्ठावीस घरं, चौथीपर्यंतची शाळा आणि एक होडी.

होडी वाडीची, पण ती चालवायचा मंगळू. या होडीचा एक नियम होता. ज्या घरातली बाई होडीत बसणार असेल, त्या घरच्या पुरुषानं आधी मंगळूला येऊन सांगायचं, आमच्यातली येतेय. कोणी सांगितलेलं नसेल तर मंगळू वल्ह्याला हात लावत नसे. तो उद्धट नव्हता. बाईकडे न बघता पाण्याकडे बघून म्हणायचा, "वहिनी, तुमच्यातलं कोणी बोललं नाय." एवढं बोलून तो तंबाखू मळत बसायचा.

चैताली लग्न होऊन वाडीत आली तेव्हा तिला हे ठाऊक नव्हतं. सिन्नरच्या कारखान्यांच्या बाजूला वाढलेली मुलगी ती. दिवाळीला माहेरी जायचं म्हणून पिशवी घेऊन एकटीच काठावर गेली होती. मंगळूनं नेहमीचं वाक्य म्हटलं तेव्हा तिला वाटलं, वाडीतला दीर म्हणून थट्टा करतोय. ती हसली. मग होडीतल्या बाकीच्या बायका हसत नाहीत हे तिच्या लक्षात आलं आणि ती घरी परत गेली. या गोष्टीला आता चार वर्षं झाली होती. तिला तीन वर्षांची मुलगी होती, साई. नवरा संतोष सातपूरला कारखान्यात शिफ्टवर, तिथंच खोली करून राहायचा आणि रविवारी घरी यायचा. घरी सासू नवसाबाई आणि सासरे फकिरा.

आणि गेले नऊ महिने चैताली घरात एक खोटं सांभाळत होती.

महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी ती सासूला म्हणायची, आईचे गुडघे गेलेत, तिला सिन्नरच्या डॉक्टरकडे न्यायचंय. नवसाबाई फकिराला सांगायची, होडीचे दिवस असले तर फकिरा मंगळूला सांगायचा. चैताली पल्याड जायची, जीपनं घोटी गाठायची आणि तिथून सिन्नरला न जाता नाशिकला जायची. गंगापूर रोडवरच्या एका संस्थेत बायकांचं प्रशिक्षण चालायचं. पाण्यानं वेढलेल्या वस्त्यांमधल्या तेवीस बायका तिथं जमत. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या प्रतिभाताई म्हणाल्या होत्या, "तुम्ही सगळ्या बेटांवरच्या." तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं होतं, "ताई, बेट समुद्रात असतं. आमच्याकडं फक्त धरण हाय." सगळ्या हसल्या होत्या. ताईंनी मग भिंतीवर जगाचा नकाशा लावला, समुद्रातली चिमुकली बेटं दाखवली, तिथल्या बायका मासळी कशी विकतात, पंचायतीत कशा बसतात, वादळ आलं की पहिल्यांदा कोणाचं घर जातं, हे सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "पाणी खारं असो की गोडं. होडी कोणाच्या हातात आहे ते बघायचं."

चैतालीनं हे वाक्य वहीत लिहून ठेवलं नाही, कारण वही घरी कोणी उघडली असती. पण ते तिला पाठ होतं. जी बाई दहाही महिने पुरे करील आणि शेवटच्या दिवशी आपल्या वस्तीचा अभ्यास सर्वांपुढे मांडील, तिला संस्था तालुक्यातल्या धरणाकाठच्या वाड्यांवर कार्यकर्ती म्हणून घेणार होती. तीन गैरहजेऱ्या झाल्या की नाव कमी. चैतालीच्या दोन होऊन गेल्या होत्या. एकदा वारा सुटला म्हणून होडी निघाली नव्हती, एकदा साईला ताप होता.

उरला होता तो शेवटचा शनिवार. त्याच्या आधीच्या बुधवारी प्रतिभाताई वाडीत आल्या.

भात काढून झालं होतं, बायका जरा मोकळ्या होत्या. बचतगटाची सभा म्हणून शाळेच्या ओट्यावर चौदा-पंधरा जणी जमल्या. नवसाबाईही आली. चैताली आणि ताई एकमेकींना ओळख दाखवत नव्हत्या. हे त्यांनी आधीच ठरवलं होतं.

"तुझं नाव काय गं?" प्रतिभाताईंनी विचारलं.

"चैताली संतोष."

"लिहिता-वाचता येतं ना? मग आजचा खेळ तूच घे. मी बसते बाजूला."

चैतालीनं राखेनं जमिनीवर वाडी काढली. विहीर, शाळा, होडीचा काठ. मग पाणी. पाण्यापलीकडे मोठं गाव, त्यापुढे घोटीचा बाजार, दवाखाना, आणि अगदी कडेला नाशिक. प्रत्येकीच्या हातात एक चिंचोका दिला आणि विचारलं, "या वर्षात, स्वतःच्या मनानं ठरवून, तुम्ही सगळ्यात लांब कुठं गेलात? तिथं चिंचोका ठेवायचा."

"हिला लय येतंय बया," धोंडाबाई म्हणाली. ती चैतालीची शेजारीण, तोंडाची तिखट. "मास्तरीणच जणू. कुठं शिकलीस?"

"मोबाइलवर बघते," चैताली म्हणाली.

प्रशिक्षणात एक गोष्ट बजावून शिकवली होती. जी विचारते तिनं आधी स्वतःचं ठेवायचं, आणि खरं ठेवायचं. ती खोटं वागली तर बाकीच्यांनी खरं का सांगावं? चैतालीनं आपला चिंचोका उचलला आणि काठावर ठेवला. सासू समोर होती. दुसरं काय करणार?

तिच्यामागून एकेकीनं ठेवायला सुरुवात केली. विहीर. शाळा. काठ. विहीर. धोंडाबाईनंही काठावर ठेवला. बयाबाई तेवढी म्हणाली, "मी घोटीला जाते. माझ्यात सांगायला कोणी उरलंच नाय, म्हणून मी मोकळी." बयाबाई सत्तरीची, एकटी राहणारी. बायका हसल्या, पण जरा दबून. नवसाबाईनं काहीच ठेवलं नाही. ती मुठीत चिंचोका धरून बसली होती.

खेळ संपला असता. प्रतिभाताई घाई करायच्या नाहीत, त्यांची सवयच तशी होती. पण चैतालीला त्या राखेच्या रेघेपाशी दाटीवाटीनं पडलेले चिंचोके बघवेनात. या सगळ्या खोट्याची सुरुवात तिनं केली होती. शनिवारी सगळ्या जणींपुढे ती हाच नकाशा मांडणार होती. ती वाकली, आपला चिंचोका उचलला आणि पाणी ओलांडून, घोटी ओलांडून, नाशिकवर ठेवला.

"माझं हे खरं हाय," ती म्हणाली. "पहिलं खोटं होतं."

 शाळेमागे कोंबडी फडफडली. मग धोंडाबाई उठली, आपला चिंचोका काठावरून काढून घोटीच्या दवाखान्यावर ठेवला. "गेल्या साली. बाजाराचं सांगून गेले होते. काय काम होतं ते कोणी विचारू नका." तिच्यानंतर आणखी दोघींनी हलवले. एकीनं काठावरचा उलट मागं, विहिरीवर आणला. तेही खरंच होतं.

चैतालीनं वर पाहिलं. नवसाबाई तिच्याकडे बघत होती. मग ती उठली, लुगड्याचा पदर झटकला आणि घराकडे चालू लागली.

सगळ्या गेल्यावर प्रतिभाताई हळू आवाजात म्हणाल्या, "मी तुला थांबवायला हवं होतं का गं?"

"मी थांबले नसते."

"शनिवारी नाही येता आलं तर..."

"तर माझं नाव कमी. मला माहीत आहे."

"तो नियम तुम्हीच केलात, पहिल्या महिन्यात, सगळ्यांनी हात वर करून. मी एकटी कसा मोडू?" ताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पण तू यायचं बघ, पोरी."

नवसाबाईनं त्या दिवशी नेहमीचीच कामं केली. भाकऱ्या थापल्या, फकिराला वाढलं, साईला झोपवलं. चैताली वाट बघत राहिली. ओरडा, शिव्या, काहीतरी. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी भात उफणत असताना सासू सुपाकडे बघत म्हणाली, "तुझ्या आईचे गुडघे कसे हायत?"

चैतालीनं पुढची पाटी ओतली.

"नऊ महिने मी यांना सांगत होते. सूनबाईची आई आजारी हाय, जाऊ द्या तिला. गेल्या खेपेला तर म्हातारीला नाचणीचं पीठ दिलं होतं तुझ्यासंगं. ते कोणी खाल्लं?"

"तिकडच्या बायकांनी. भाकरी केली सगळ्यांनी."

"तू कुठं जातेस त्याचं मला काय नाय. पण तू माझ्या तोंडून खोटं बोलवलंस." सूप हलत राहिलं. "मी तुझं नाव कोणाकडं काढणार नाय. यांनाही नाय आणि संतोषलाही नाय. पण मंगळूकडं जा म्हणूनही यांना सांगणार नाय. बस आता."

सासू भांडली असती तर चैतालीला भांडता आलं असतं. इथं धरायला काही नव्हतं. ना दाराला कडी होती, ना कोणी आडवं उभं होतं. ती वाडीभर हिंडू शकत होती, विहिरीवर, खळ्यावर, टेकाडाच्या माथ्यावर. फक्त चहूकडून चालत गेलं की पाणी लागत होतं. त्या दिवशी ती तीन वेळा काठावर जाऊन आली. तिसऱ्यांदा मंगळू म्हणाला, "काय हरवलंय का वहिनी?" ती म्हणाली, "नाही," आणि कळशी न भरताच परतली.

शुक्रवारी सकाळी ती माथ्यावर गेली. मोबाइलला रेंज तिथंच यायची. संतोष रात्रपाळी करून नुकता खोलीवर आला होता. तो फोनवर सांगेल तर मंगळू ऐकेल, एवढाच तिचा हिशेब होता. आईचे गुडघे पुन्हा एकदा पुढे करता आले असते. तोंडापर्यंत आलेही होते. पण बुधवारपासून तिला ते जमेना. तिनं सगळं सांगितलं.

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"गंगापूर रोडला?" संतोषनं विचारलं.

"हो."

"मी सातपूरला. तू गंगापूर रोडला. रिक्षानं पंधरा मिनिटं. महिन्यातून एक शनिवार आपण एकाच शहरात होतो चैताली, आणि तू मला एक फोन नाही केलास. जेवायला ये म्हणाली नाहीस." पंखा बंद झाला. "मी खोलीवर एकटा खिचडी खात होतो."

 हे तिच्या मनातच आलं नव्हतं. नाशिक म्हणजे तिच्यासाठी ते सभागृह होतं. नवरा राहतो ते सातपूर जणू वेगळंच गाव.

"भीती वाटली," ती म्हणाली. "तू नको म्हणाला असतास तर?"

"म्हणालो असतो कदाचित. माहीत नाही. तू विचारलंच नाहीस, तर मला तरी कसं कळणार?"

"उद्याचं सांगशील का मंगळूला?"

"मी रविवारी येतो. तेव्हा बोलू."

"उद्या शेवटचा दिवस आहे रे."

"रविवारी," संतोष म्हणाला आणि फोन ठेवला. चैताली माथ्यावर बसून राहिली. तिथून सगळं दिसत होतं. वाडी, पाणी, पाण्यापलीकडचा डांबरी रस्ता, त्यावरून सरकणारी एक पांढरी जीप.

शनिवारी सकाळी तिनं तरीही पिशवी भरली. राखेचा नकाशा तिनं कागदावर उतरवून घेतला होता, तो घडी करून ठेवला. साई झोपलेली होती. सासू चुलीपाशी होती, तिनं मान वर केली नाही.

काठावर होडीत चार माणसं बसली होती आणि बयाबाई, डोक्याला पदर गुंडाळून.

"वहिनी, तुमच्यातलं कोणी बोललं नाय," मंगळू पाण्याला म्हणाला.

"माहीत आहे. मीच सांगते. मी कामासाठी नाशिकला चाललेय. संध्याकाळी परत येणार."

"असं नसतं वहिनी. तुम्हाला नेलं तर फकिरामामा मला काय म्हणतील?"

"मंगळू," बयाबाई होडीतून म्हणाली, "हा नियम कुणी केला, ठाऊक हाय का तुला?"

"पूर्वीपासूनचा हाय."

"पूर्वीचा नाय. माझा हाय. तू तेव्हा अंगणात नागडा फिरायचास." होडीतले दोघे हसले. बयाबाई हसली नाही. "होडी उलटली होती. संध्याकाळी लोकांनी मोजलं. पाच जण गेले होते, पाचही जण पोहून वर आले. सगळे म्हणाले, देवाची कृपा. माझी पोर सहावी होती. ती बसलेली कोणाला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी शोधायला लागले." तिनं डोक्याचा पदर सारखा केला. "मग मी वाडीला शपथ घातली. सांगितल्याबिगर पोरीबाळींना होडीत घ्यायचं नाय. सांगावं म्हटलं होतं मी. विचारावं म्हटलं नव्हतं. ते तुम्ही बाप्यांनी नंतर केलंत."

मंगळू तंबाखू मळायचा थांबला.

"ही नाशिकला चाललीय. आता मला माहीत हाय. हिला काय झालं तर मी बोंब मारीन. घे तिला."

मंगळूनं मागे वाडीकडे पाहिलं. "मामांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाय," तो म्हणाला आणि सरकून जागा केली.

नाशिकला ती पाऊण तास उशिरा पोचली. प्रतिभाताईंनी दाराकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसला, एवढंच. दुपारी चैतालीनं नकाशा भिंतीला लावला. काठावर ठेवलेले चिंचोके आधी कुठे होते आणि मग कुठे गेले, हे तिनं सांगितलं. होडीच्या नियमाचंही सांगितलं, बयाबाईचं नाव घेऊन. आपल्या सासूची मूठ मात्र तिनं सांगितली नाही. ते सांगायचा तिला हक्क नाही असं वाटलं. संध्याकाळी चार वाजता कामावर घेतलेल्यांची यादी वाचली गेली. तेवीसपैकी सोळा जणी राहिल्या होत्या. तिचं नाव अकरावं होतं.

जीपमधून उतरली तेव्हा ऊन पाण्यावर तिरपं पडलं होतं. होडी पलीकडच्या काठाला बांधलेली. मंगळू दगडावर बसला होता आणि त्याच्या शेजारी फकिरा.

"मंगळूभाऊ," तिनं हाक मारली.

मंगळूनं हात वर केला, मग खाली घेतला. उठला नाही. तिनं पुन्हा हाक मारली. फकिरा पाठ करून बसला होता. बयाबाई दुपारीच परतली असणार. जीप मागं फिरून निघून गेली. चैताली पिशवीवर बसली. सकाळी ती या पाण्याच्या आत अडकली होती, आता बाहेर. पाणी तेच. दहा महिन्यांत कायदे शिकलो, पंचायत शिकलो, भाषण करायला शिकलो, पण तेवीस जणींमध्ये एकीलाही वल्हं मारता येत नाही, हे तिच्या आता ध्यानात आलं. समोर साई होती आणि तिच्यापर्यंत जायचं तर कोणीतरी पुरुषानं दुसऱ्या पुरुषाला दोन शब्द सांगायला हवे होते.

ऊन वर टेकडीवर सरकलं. मग पलीकडे नवसाबाई आली, कडेवर साई, मागं काठी टेकत बयाबाई. पाण्यावरून आवाज तुटक तुटक येत होता. साई रडत होती. फकिरा काहीतरी बोलला. नवसाबाईचा आवाज चढला आणि मग स्पष्ट ऐकू आला.

"मंगळू, मी सांगतेय. आमच्यातली पल्याड उभी हाय. घेऊन ये."

"मामा?" मंगळू म्हणाला.

"त्यांना काय विचारतोस? घरातलं कोणी सांगायला लागतं ना? एकतीस वर्षं त्या घरात राबतेय, मी घरातली नाय का?"

फकिरा उठला. धोतर झटकलं, कोणाकडे न बघता वाडीच्या चढाला लागला. तो दिसेनासा होईपर्यंत मंगळू बसून होता. मग त्यानं दोर सोडला.

येताना मधल्या पाण्यात तो म्हणाला, "उद्या संतोष येणार ना?"

"हो."

"काय सांगणार त्याला?"

"सांगितलंय सगळं. आता तो काय म्हणतो ते ऐकायचंय."

होडी काठाला लागायच्या आधीच साईनं हात पसरले होते. चैतालीनं तिला उचलून घेतलं. नवसाबाई जवळ आली, पण हात लावला नाही.

"बयाबाई म्हणाली, कामाचं होतं. लागलं का?"

"लागलं."

"कुठं जायला लागंल?"

"पाण्यातल्या सगळ्या वाड्यांना. रोज."

"रोज," नवसाबाई म्हणाली. तिनं होडीकडे पाहिलं, मंगळूकडे पाहिलं, मग फकिरा गेला त्या चढाकडे. "म्हणजे मला रोज सकाळी इथं यायला लागंल." आणि चैतालीची पिशवी उचलून ती पुढे चालू लागली.